मंदाकिनी फाळके

मंदाकिनी फाळके या भारतीय मूकपटांच्या काळातील बालअभिनेत्री होत्या. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाणारे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके आणि सरस्वतीबाई फाळके यांच्या त्या कन्या. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) या नाशिक येथे निर्माण झालेल्या दोन मूकपटांत त्यांनी बालकृष्णाची भूमिका केली. भारताच्या पहिल्या बालअभिनेत्री असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी केला जातो.

'कालिया मर्दन'चा बराचसा भाग आजही उपलब्ध आहे. त्यामुळे भारतीय चित्रपटाच्या पहिल्या दशकातील ज्या थोड्या कलावंतांचा अभिनय आज प्रत्यक्ष पाहता येतो, त्यांत मंदाकिनी फाळके यांचा समावेश होतो. या चित्रपटाच्या आरंभी, कथा सुरू होण्यापूर्वी, त्यांच्या मुखाभिनयाचे स्वतंत्र दर्शन घडवलेले आहे. पौराणिक पात्राच्या आधी अभिनेत्रीचा परिचय करून देणारा हा भाग चित्रपट-अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरला आहे.

== जन्म आणि कौटुंबिक पार्श्वभूमी ==

'कालिया मर्दन'मधील परिचयाच्या पाटीवर मंदाकिनी यांचा उल्लेख सात वर्षांची मुलगी असा आहे. हा चित्रपट १९१९ मध्ये प्रदर्शित झाला. त्यावरून त्यांचा जन्म १९११-१२ च्या सुमाराचा ठरतो. हाच काळ त्यांच्या वडिलांच्या आयुष्याला कलाटणी देणारा होता. मुंबईतील गिरगाव येथील एका चित्रपटगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यानंतर भारतीय देवदेवतांच्या कथा पडद्यावर आणण्याचा ध्यास दादासाहेबांनी घेतला होता. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन चित्रपटनिर्मितीचे तंत्र शिकून परतले.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले होते. छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग यांचा त्यांना अनुभव होता. जादूगार म्हणून ते 'प्रोफेसर केळफा' हे, स्वतःच्या आडनावातील अक्षरे उलटवून घेतलेले नाव लावत. जादूच्या प्रयोगांतील हातोटी पुढे त्यांच्या चित्रपटांतील चमत्कृतिदृश्यांत दिसून येते. मंदाकिनी यांच्या दोन्ही भूमिका अशा चमत्कृतींशी बांधलेल्या आहेत.

सरस्वतीबाई फाळके या निर्मितीच्या कामात बरोबरीच्या सहभागी होत्या. कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे, फिल्म धुणे आणि चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे ही कामे त्यांनी केली. शिवाय सर्व मंडळींच्या जेवणखाण्याची व्यवस्थाही त्यांच्याकडे असे. घर, कार्यशाळा आणि रंगमंडळ यांत फारसा भेद नसलेल्या अशा वातावरणात मंदाकिनी यांचे बालपण गेले.

== कुटुंबातील पूर्वपरंपरा ==

फाळके कुटुंबातील मुलाने पडद्यावर येण्याची ही पहिली वेळ नव्हती. 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात हरिश्चंद्राचा पुत्र रोहिदास याची भूमिका फाळके यांचे थोरले चिरंजीव भालचंद्र यांनी केली होती. हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी प्रदर्शित झाला. कथेत रोहिदासाचा मृत्यू होतो. पडद्यावर का होईना, आपल्या मुलाने मरण दाखवणे अशुभ, या समजुतीमुळे अन्य पालक या भूमिकेसाठी मुलगा देण्यास तयार नव्हते, असे सांगितले जाते. त्यामुळे फाळके यांनी स्वतःच्या मुलाला उभे केले. चित्रीकरणादरम्यान भालचंद्र यांच्या डोक्याला दुखापत झाल्याची हकीकतही प्रसिद्ध आहे.

स्त्रीपात्रांची अडचण याहून मोठी होती. त्या काळी मराठी रंगभूमीवर स्त्रियांची कामे बहुधा पुरुषच करीत. कुलीन घरातील स्त्रीने कॅमेऱ्यासमोर उभे राहणे समाजाला मान्य नव्हते. 'राजा हरिश्चंद्र'मधील तारामती अण्णा साळुंके या तरुणाने साकारली. 'लंकादहन' (१९१७) या चित्रपटात तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या.

त्यापूर्वी, 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (विवाहानंतर कमलाबाई गोखले) यांनी अनुक्रमे पार्वती आणि मोहिनीची भूमिका केली होती. या दोघी भारतीय चित्रपटातील पहिल्या अभिनेत्री मानल्या जातात. त्या वेळी कमलाबाई अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. त्या दोघी नाटक कंपनीत काम करीत असल्याने अभिनय हा त्यांचा व्यवसायच होता. मंदाकिनी यांची गोष्ट वेगळी होती. त्या नाटक कंपनीतून आलेल्या नव्हत्या, तर चित्रपट बनवणाऱ्याच्या घरात वाढलेल्या होत्या.

== नाशिक आणि हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी ==

'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळके यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना मुंबईहून नाशिकला हलवला. चित्रीकरणासाठी आवश्यक असलेली नदी, घाट, मंदिरे, डोंगर आणि झाडी नाशिक परिसरात सहज उपलब्ध होती. नाशिकहून सातपूरमार्गे त्र्यंबकेश्वरकडे जाणारा रस्ता हा फाळके यांच्या जन्मगावाला त्यांच्या कर्मभूमीशी जोडणारा मार्ग होय. आज या मार्गावरील सातपूर ही नाशिकची मोठी औद्योगिक वसाहत आणि महापालिकेचा एक विभाग आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या भागात कारखानदारी नव्हती. नाशिकमध्ये चित्रपटांचा कारखाना उभा राहिला तो नियोजित औद्योगिक वसाहतीच्या कितीतरी आधी.

१९१८ च्या आरंभी मुंबईतील काही व्यावसायिकांच्या भांडवलावर 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे हे तिच्या प्रमुख भागीदारांपैकी होते. फाळके हे कंपनीचे कार्यकारी भागीदार झाले. आधीचे चित्रपट फाळके यांनी कर्ज काढून आणि घरातील दागिने गहाण ठेवून केले होते. नव्या कंपनीमुळे अधिक लांबीचे, मोठ्या नेपथ्याचे आणि मोठ्या जनसमूहाचे चित्रपट करणे शक्य झाले. मंदाकिनी यांचे दोन्ही चित्रपट या कंपनीचे आहेत.

== श्रीकृष्णजन्म (१९१८) ==

'श्रीकृष्णजन्म' हा हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा पहिला चित्रपट. तो २४ ऑगस्ट १९१८ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यात मंदाकिनी यांच्यासह द. दा. दबके, पुरुषोत्तम वैद्य, भागीरथीबाई आणि नीळकंठ हे कलावंत होते. दबके यांनी यापूर्वी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये हरिश्चंद्राची प्रमुख भूमिका केली होती.

या चित्रपटाचा थोडाच भाग आज उपलब्ध आहे. त्यातील एका दृश्यात नदीकाठी जमलेले समाजाच्या निरनिराळ्या स्तरांतील लोक देवाची करुणा भाकतात आणि पाण्यातून सर्पावर आरूढ झालेला कृष्ण वर येतो. दुसऱ्या भागात कंसाच्या मनातील भय दृश्यरूपाने मांडले आहे. आपल्याला मारणारा जन्माला आला आहे, या विचाराने ग्रासलेल्या कंसाला एकाच वेळी अनेक कृष्ण दिसू लागतात, तसेच स्वतःचे शिर धडावेगळे झाल्याचाही भास होतो.

एकाच व्यक्तीच्या अनेक प्रतिमा एका चौकटीत आणण्यासाठी त्या काळी तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे गुंडाळून तिच्यावर नव्याने चित्रण करावे लागे. प्रत्येक वेळी चौकटीचा बाकीचा भाग झाकलेला असे. कॅमेरा हाताने फिरवला जाई. अशा चित्रणात कलावंताने ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी आणि ठरलेल्या दिशेने हालचाल करणे आवश्यक असते. एक चूक झाली तरी आधीचे सर्व चित्रण वाया जाते. परदेशातून मागवलेली कोरी फिल्म महाग होती. सहा-सात वर्षांच्या मुलीकडून ही शिस्त पाळून घेणे हे दिग्दर्शकाच्या कौशल्याइतकेच त्या मुलीच्या समजेचेही द्योतक आहे.

== कालिया मर्दन (१९१९) ==

=== प्रदर्शन ===

'कालिया मर्दन' ३ मे १९१९ रोजी मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. 'राजा हरिश्चंद्र'च्या सार्वजनिक प्रदर्शनाला त्याच दिवशी सहा वर्षे पूर्ण होत होती. हा चित्रपट सुमारे दहा महिने चालला, असे सांगितले जाते. त्याची मूळ लांबी ६,००० फूट होती.

=== मुखाभिनयाचे दर्शन ===

चित्रपटाचा आरंभ एका पाटीने होतो. सात वर्षांच्या मुलीने केलेला मुखाभिनयाचा अभ्यास आता दिसेल, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर आहे. त्यानंतर मंदाकिनी यांचा चेहरा जवळून दिसतो आणि त्या एकामागून एक भाव दाखवतात. या भागात नेपथ्य नाही, दुसरे पात्र नाही आणि प्रसंगही नाही. पाहणाऱ्याचे लक्ष केवळ डोळे, भुवया आणि ओठ यांच्या हालचालींवर राहते. त्यानंतर हीच मुलगी कृष्णाच्या वेषात दिसते आणि कथा सुरू होते.

या रचनेचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे, आता जो कृष्ण दिसणार आहे तो एका लहान मुलीने उभा केला आहे, हे प्रेक्षकाला आधीच सांगितले जाते. त्या काळी पौराणिक चित्रपट पाहताना प्रेक्षक पडद्यासमोर हात जोडत, नाणी टाकत, अशा आठवणी नोंदल्या गेल्या आहेत. देवाचे दर्शन म्हणून येणाऱ्या अशा प्रेक्षकापुढे फाळके यांनी आधी अभिनय ठेवला आणि नंतर देव. दुसरा परिणाम असा की, श्रेयनामावली देण्याची पद्धत रुळलेली नसताना एका बालकलावंताच्या कामाची दखल चित्रपटानेच घेतली.

रंगभूमीवर नाटकाच्या आरंभी सूत्रधार प्रेक्षकांशी बोलतो आणि मग पात्रांचा प्रवेश होतो. 'कालिया मर्दन'चा आरंभ या परिपाठाला जवळचा आहे. मात्र चेहरा इतक्या जवळून दाखवणे रंगभूमीला शक्य नव्हते. ते सामर्थ्य केवळ कॅमेऱ्याचे होते.

=== कथानक ===

चित्रपटाचे कथानक भागवत पुराणाच्या दहाव्या स्कंधातील कालियादमनाच्या प्रसंगावर आधारलेले आहे. त्याच्या पूर्वार्धात बालकृष्ण आणि त्याचे सवंगडी यांच्या खोड्या येतात. एका गवळणीने केलेल्या अपमानाचा सूड म्हणून मुले तिच्या घरातील लोण्यावर डल्ला मारतात. दुसऱ्या एका प्रसंगात कृष्ण रात्री एका सधन गृहस्थाच्या शयनगृहात शिरतो आणि झोपलेल्या पतीची दाढी पत्नीच्या केसांना बांधून ठेवतो. गाऱ्हाणी यशोदेकडे येतात. गोकुळातील या प्रसंगांत देवत्वापेक्षा व्रात्यपणा अधिक दिसतो.

उत्तरार्धात कृष्ण कालिया नागाच्या शोधार्थ यमुनेत उडी घेतो. पाण्याखाली दोघांची झुंज होते. काठावर यशोदा, नंद आणि गोकुळातील लोक आक्रोश करीत असतात. नागपत्नी अभयाची याचना करतात. अखेरीस कालियाच्या फण्यावर उभा असलेला कृष्ण पाण्यातून वर येतो आणि चित्रपट आनंदोत्सवात संपतो.

=== जलयुद्धाचे दृश्य ===

पाण्याखालील झुंज हा चित्रपटाचा परमोच्च बिंदू. हे दृश्य दीर्घ असून कृष्णाची भूमिका करणाऱ्या मुलीला अवजड, कृत्रिम सर्पाशी झटापट करावी लागते. फाळके यांनी ही झुंज सलग न दाखवता तिच्या मधे मधे काठावरील लोकांची दृश्ये घातली आहेत. पाण्यात काय चालले आहे हे काठावरच्या लोकांना दिसत नाही, प्रेक्षकाला मात्र दिसते. एकाच वेळी दोन ठिकाणी घडणाऱ्या घटना आलटून पालटून दाखवण्याचे हे तंत्र त्या काळी पाश्चात्त्य चित्रपटांत रूढ झाले होते. त्याचा भारतीय चित्रपटातील हा एक उल्लेखनीय आरंभीचा वापर आहे.

== अभिनयाचे स्वरूप ==

मूकपटात संवाद ऐकू येत नसल्यामुळे अर्थ पोहोचवण्याची जबाबदारी चेहरा, हात आणि देहबोली यांच्यावर असे. त्या काळातील प्रौढ नटांच्या अभिनयावर रंगभूमीची छाप होती. दूर बसलेल्या प्रेक्षकाला दिसावेत म्हणून हातवारे मोठे केले जात आणि मुद्रा ठसठशीत धरल्या जात. मंदाकिनी यांच्या अभिनयात हा नाटकी भाग तुलनेने कमी आहे. खोड्यांच्या प्रसंगांत त्यांची धावपळ, इकडेतिकडे पाहणे, हसू दाबणे यांत लहान मुलाचा नैसर्गिकपणा जाणवतो. याउलट कालियाच्या फण्यावरील दृश्यात त्या स्थिर आणि समोर पाहणाऱ्या आहेत. ही मूर्तीची मुद्रा आहे. एका चित्रपटात खोडकर मूल आणि पूजनीय देव ही दोन रूपे सांभाळणे ही या भूमिकेची मुख्य अडचण होती.

प्रेक्षकाकडे रोखलेली नजर आणि समोरासमोरची रचना हे फाळके यांच्या चित्रपटांचे वैशिष्ट्य मानले जाते. देवळातील दर्शन आणि मूर्तिचित्रांची परंपरा यांच्याशी त्याचा संबंध आशीष राजाध्यक्ष यांच्यासारख्या चित्रपट-अभ्यासकांनी जोडला आहे. फाळके यांनी रवी वर्मा यांच्या शिळामुद्रणालयासाठी काम केले होते. त्यामुळे घराघरांत पोहोचलेल्या देवादिकांच्या छापील चित्रांशी त्यांचा जवळचा परिचय होता. मंदाकिनी यांचा कृष्ण उभा राहतो तो त्या चित्रांतील कृष्णासारखा.

आजच्या प्रेक्षकाने हा अभिनय पाहताना प्रक्षेपणाच्या गतीचा विचार करणे आवश्यक आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. मूकपट बहुधा सेकंदाला सुमारे १६ चौकटी या गतीने चित्रित होत. म्हणजे एका सेकंदाला एक फूट फिल्म लागे आणि ६,००० फुटांचा चित्रपट सुमारे १०० मिनिटे चाले. ध्वनिपटांच्या सेकंदाला २४ चौकटी या गतीने तोच चित्रपट सुमारे ६७ मिनिटांत संपतो आणि सर्व हालचाली दीडपट वेगाने होतात. जुन्या मूकपटांतील माणसे झटक्याने चालतात, अशी जी समजूत रूढ आहे तिचे एक प्रमुख कारण ही गती आहे. कलावंतांच्या उणिवेचा त्याच्याशी संबंध नाही.

== मुलीने साकारलेला कृष्ण ==

पुरुष स्त्रीभूमिका करीत असण्याच्या काळात एका मुलीने पुरुषदेवतेची भूमिका करणे हे वरवर पाहता उलट टोक वाटते. मात्र बालकृष्णाच्या बाबतीत त्याला परंपरेचा आधार होता. कीर्तन, लळीत, जन्माष्टमीचे उत्सव आणि घरगुती समारंभ यांत लहान मुलामुलींना कृष्णाचा वेष देण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. मोरपीस, पीतांबर आणि बासरी एवढ्या खुणा असल्या की मूल कृष्ण म्हणून ओळखले जाते. त्यामुळे मुलीने साकारलेला कृष्ण प्रेक्षकांना खटकण्याचे कारण नव्हते.

तरीही फाळके यांच्या निवडीला सामाजिक अर्थ होता. चित्रपटात स्त्रियांनी काम करणे अप्रतिष्ठेचे समजले जात असताना एका ब्राह्मण कुटुंबाने आपल्या मुलीला केवळ पडद्यावर आणले असे नाही, तर तिचा अभिनय चित्रपटाच्या आरंभी गौरवाने मांडला. मुलगी लहान असल्यामुळे आणि भूमिका देवाची असल्यामुळे हे सुकर झाले, हेही तितकेच खरे. प्रतिष्ठित घरांतील सुशिक्षित स्त्रिया मराठी चित्रपटात नायिका म्हणून येण्यास पुढे आणखी दशकभराहून अधिक काळ लागला. दुर्गा खोटे यांनी १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या ध्वनिपटात तारामतीची भूमिका केली, तेव्हा ती मोठी सामाजिक घटना मानली गेली.

== कारकिर्दीची समाप्ती ==

'कालिया मर्दन'च्या यशानंतर फाळके आणि कंपनीचे भागीदार यांच्यातील मतभेद वाढले. फाळके यांनी कंपनी सोडली आणि ते सहकुटुंब काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. काही काळानंतर ते पुन्हा कंपनीत परतले आणि १९२० च्या दशकात त्यांनी अनेक चित्रपट दिग्दर्शित केले. 'सेतुबंधन' हा मूकपट १९३२ मध्ये, तर कोल्हापूर येथे केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा ध्वनिपट १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

मंदाकिनी यांची ओळख मात्र १९१८ आणि १९१९ मधील दोन भूमिकांपुरतीच राहिली. बालकलावंताच्या यशावर पुढील चित्रपटांची मालिका उभारण्याची पद्धत त्या वेळी भारतात नव्हती.

== पहिली बालअभिनेत्री कोण? ==

मंदाकिनी फाळके यांना दिलेले 'पहिली बालअभिनेत्री' हे बिरुद व्याख्येवर अवलंबून आहे. वयाने लहान असलेली पहिली कलावंत असा अर्थ घेतल्यास, तेराव्या वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम केलेल्या कमलाबाई गोखले यांचे नाव आधी येते. मात्र मोहिनी हे प्रौढ स्त्रीचे पात्र आहे. बालकलावंत असा व्यापक अर्थ घेतल्यास 'राजा हरिश्चंद्र'मधील भालचंद्र फाळके हे पहिले ठरतात. लहान मुलीने मुलाच्याच वयाची आणि चित्रपटाच्या केंद्रस्थानी असलेली भूमिका करणे, हा निकष लावला की मंदाकिनी यांचे प्रथमत्व मान्य होते. 'कालिया मर्दन'मध्ये संपूर्ण कथा बालपात्रावर उभी आहे, ही बाबही येथे महत्त्वाची ठरते.

== समकालीन आणि नंतरचे बालकलावंत ==

चार्ली चॅप्लिन यांच्या 'द किड' या चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झालेला अमेरिकी बालनट जॅकी कूगन १९२१ मध्ये पडद्यावर गाजला, म्हणजे 'कालिया मर्दन'नंतर दोन वर्षांनी. 'बेबी पेगी' या नावाने ओळखल्या गेलेल्या अमेरिकी बालअभिनेत्रीचा जन्म ऑक्टोबर १९१८ मधील आहे. त्या वेळी 'श्रीकृष्णजन्म' प्रदर्शित होऊन दोन महिने झाले होते. या दोघांनीही लहानपणी अमाप कमाई केली, परंतु मोठेपणी त्यातील फारसे काही त्यांच्या हाती उरले नाही. कूगन यांनी आपल्या कमाईसाठी आई व सावत्र वडील यांच्यावर दावा लावला. त्याची परिणती म्हणून १९३९ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात बालकलावंतांच्या उत्पन्नाला संरक्षण देणारा कायदा झाला. भारतात बालकलावंतांच्या कामाचे तास आणि उत्पन्नातील राखीव हिस्सा यांविषयीचे नियम २०१७ मध्ये करण्यात आले. त्यानुसार मुलाकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे बँकेत ठेवावा लागतो.

बोलपट आल्यावर बालकृष्णाच्या भूमिकेसाठी गाता येणे आवश्यक झाले. प्रभातच्या 'गोपाळकृष्ण' (१९३८) या चित्रपटात कृष्णाची भूमिका पुढे शास्त्रीय गायक म्हणून ख्यातकीर्त झालेल्या राम मराठे यांनी केली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बालकलावंतांच्या नावाआधी 'मास्टर' किंवा 'बेबी' लावण्याची पद्धत रूढ झाली होती. 'रामशास्त्री' (१९४४) मधील बेबी शकुंतला आणि मास्टर विनायक यांची कन्या बेबी नंदा ही त्या काळातील प्रसिद्ध मराठी नावे. वडिलांच्या १९४७ मधील निधनानंतर नंदा यांना लहान वयातच कुटुंबासाठी काम करावे लागले. 'मंदिर' (१९४८) पासून सुरू झालेली त्यांची वाटचाल पुढे हिंदी चित्रपटांतील आघाडीच्या नायिकेपर्यंत पोहोचली. मंदाकिनी यांच्या काळात अभिनय हा असा निर्वाहाचा सलग मार्ग झालेला नव्हता.

== चित्रपटांचे जतन ==

मूकपटांच्या काळातील फिल्म नायट्रेटच्या पायावर तयार केलेली असे. ती अत्यंत ज्वालाग्राही असते आणि उष्ण, दमट हवेत लवकर खराब होते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. फिल्ममधील चांदी काढून घेण्यासाठीही अनेक प्रती नष्ट झाल्या. भारतात तयार झालेल्या मूकपटांपैकी अगदी मोजकेच आज शिल्लक आहेत.

पुणे येथे १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याचे संवर्धक पी. के. नायर यांनी फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग मिळवण्यासाठी विशेष प्रयत्न केले. तुकड्यांच्या स्वरूपात हाती आलेल्या 'कालिया मर्दन'ची जुळणी करण्यात आली. मूळ ६,००० फुटांपैकी सुमारे ४,४०० फूट भाग उपलब्ध असून फाळके यांच्या उपलब्ध चित्रपटांत हा सर्वांत परिपूर्ण चित्रपटांपैकी एक आहे. नायर यांच्या कार्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) हा माहितीपट केला. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

या जतनामुळेच मंदाकिनी फाळके यांच्या अभिनयाविषयी केवळ आठवणींवर विसंबावे लागत नाही. त्यांच्या आधी पडद्यावर आलेल्या कमलाबाई गोखले यांचा 'मोहिनी भस्मासुर'मधील अभिनय आज पाहता येत नाही. याउलट सात वर्षांच्या मुलीचा मुखाभिनय शंभर वर्षांनंतरही अभ्यासकांना उपलब्ध आहे.

== स्मृती ==

भारत सरकारने चित्रपट क्षेत्रातील सर्वोच्च सन्मान म्हणून दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ पासून देण्यास प्रारंभ केला. नाशिक येथे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके यांचे स्मारक आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीवर आधारित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) हा परेश मोकाशी दिग्दर्शित मराठी चित्रपट गाजला. त्यात फाळके कुटुंबातील सर्वांच्या सहभागाचे चित्रण आहे. भारतीय चित्रपटाच्या इतिहासावरील अभ्यासक्रमांत आणि मूकपटांच्या महोत्सवांत 'कालिया मर्दन' दाखवला जातो. मंदाकिनी फाळके यांची ओळख नव्या प्रेक्षकांना बहुधा या चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांतूनच होते.

== चित्रपटसूची ==

* श्रीकृष्णजन्म (१९१८) – भूमिका: कृष्ण, दिग्दर्शक: दादासाहेब फाळके, निर्मिती: हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, अंशतः उपलब्ध
* कालिया मर्दन (१९१९) – भूमिका: कृष्ण, दिग्दर्शक: दादासाहेब फाळके, निर्मिती: हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, बराचसा भाग उपलब्ध

== हेही पाहा ==

* दादासाहेब फाळके
* सरस्वतीबाई फाळके
* कमलाबाई गोखले
* दुर्गाबाई कामत
* राजा हरिश्चंद्र
* मूकपट
* नाशिक